कमलची फाइल आणि मी उघडलेलं दार

कमल वरठा हिच्यावर अन्याय झाला तो गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मसोलीत, आमच्या संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खोलीत सात माणसं होती. त्यातली एक मी.

संपादकांनी मला कामाचे अनुभव लिहायला सांगितलं, आणि वर म्हणाले, जरा हलकंफुलकं लिहा, दिवाळी आहे. मी हो म्हटलं. पण संस्थेत येण्याआधी मी चार वर्षं पत्रकं लिहायचे, आणि पत्रकाचा नियम असा की अन्याय कोणावर, कधी, कुठे, हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं. तिसऱ्या ओळीपर्यंत माणूस त्या कागदात भजी बांधून मोकळा होतो. तेव्हा ते आधी सांगून टाकलं. आता हलकंफुलकं.

माझं काम परवानग्या लावण्याचं आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी तहसीलदार कचेरीत आहे. नरपडला आमच्या शेजारच्या काकांनी एकदा विहिरीच्या परवानगीचा अर्ज दोन फोटोंसकट माझ्या हातात आणून दिला होता. मी म्हटलं, काका, मी कॉम्प्युटरमधल्या परवानग्या लावते. ते म्हणाले, मग कॉम्प्युटरमधून लाव.

आमची संस्था मुंबईच्या कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा करते, दुरुस्त करते आणि डहाणू-तलासरीच्या शाळांना देते. या म्हाताऱ्या यंत्रांवर बाजारातली नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालत नाही, धाप लागते. म्हणून आम्ही मुक्त सिस्टीम घेतो, जिचं मूळ लिखाण कोणालाही वाचायला, बदलायला मोकळं आहे. त्यातलं नको ते काढतो, मराठी घालतो आणि आमच्या सर्व्हरवर ती नव्याने बांधतो. हे मूळ लिखाण म्हणजे हजारो फाइली, फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. ऑफिसात आम्ही त्याला ‘झाड’ म्हणतो. या झाडाच्या कुठल्या फांदीला कोण हात लावेल आणि कोण नुसतं बघेल, हे ठरवणं माझं काम.

ते कसं ठरतं, एवढं वाचून घ्या. अवघड नाही, रेशन कार्डापेक्षा तर खूपच सोपं आहे. हक्क तीन: वाच, लिही, चालव. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक, बेरीज सात. हे हक्क तिघांना वेगवेगळे द्यायचे असतात: फाइलीचा मालक, मालकाचा गट, आणि बाकीचं जग. म्हणून तीन आकडे. सहाशे चव्वेचाळीस म्हणजे मालक वाचेल आणि लिहील, बाकी सगळे नुसते वाचतील. सातशे सत्याहत्तर म्हणजे सगळ्यांना सगळं. आमच्या धंद्यात सातशे सत्याहत्तर लावणाऱ्याकडे आम्ही घर उघडं टाकून जत्रेला गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो.

फोल्डरच्या बाबतीत मात्र याच हक्कांचा अर्थ बदलतो, आणि इथे भलेभले आपटतात. फोल्डरवर ‘वाच’ म्हणजे आतल्या नावांची यादी बघ. ‘चालव’ म्हणजे आत शिर. आणि ‘लिही’ म्हणजे आत नवं नाव घाल, किंवा असलेलं नाव काढून टाक. फाइल पुसायला त्या फाइलीवरचा हक्क लागतच नाही. ती ज्या फोल्डरात आहे, त्या फोल्डरवरचा लागतो. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी ते सहा वर्षं नवीन लोकांना शिकवतेय, आणि ज्या दिवशी मोठ्याने म्हणायची वेळ आली त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघालं नाही.

परवानगी म्हटलं की सगळ्यांना अपमान आठवतो, हा माझा अनुभव. तलासरीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक मला फोन करून म्हणाले, “मॅडम, पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ असं येतंय. मी मुख्याध्यापक आहे. मला नाकारणारा हा कोण? त्याचं नाव सांगा.” चौकशी केल्यावर कळलं की सरांनी सिस्टीमचाच एक फोल्डर पुसायला घेतला होता, जागा अडवतोय म्हणून. मी समजावलं की तो पुसला तर कॉम्प्युटर उद्या उठणार नाही. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण विचारायची पद्धत असते. आठ दिवसांनी शाळेच्या शिक्क्यासह पत्र आलं की मुख्याध्यापकांस सर्व परवानग्या पदसिद्ध मिळाव्यात. ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय. वैताग आला की काढून वाचते. हल्ली रोज वाचते.

कमलला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही. कमल तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका पाड्यावर राहते. घरी भात आणि नागली, आईवडील आणि ती. पदवी घेतलेली. सिस्टीम जे जे बोलते, म्हणजे ‘फाइल जतन झाली’, ‘जागा संपली’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, ते सगळं वारलीत आणण्याचं काम मे महिन्यात तिला दिलं गेलं, कारण ज्या शाळांत आमची यंत्रं जातात तिथली पहिली-दुसरीची मुलं घरी वारलीच बोलतात. मुख्याध्यापकांचा किस्सा ऐकून ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. ‘नाकारली’ हा जंगलखात्याचा शब्द आहे, ताई. आमच्याकडे पोराने पडद्यावर ते वाचलं तर यंत्राला हात लावणार नाही परत.” तिने त्या जागी वारलीत जे घातलं त्याचा अर्थ होतो, ‘आधी विचारून ये’. मी सहा वर्षं ते वाक्य बघत होते. मला ते कधी टोचलं नव्हतं.

ती ऑफिसात बसून शब्द पाडत नव्हती. भाताच्या आवणीच्या दिवसांत बायांबरोबर चिखलात उभी राहून विचारायची की एका वस्तूत दुसरी ठेवतो तिला काय म्हणाल. फोल्डरला तिने ‘कणगी’ केलं. भात ठेवायची कणगी. हे आधी वहीत लिहायची, मग लॅपटॉपवर (त्यात जागा इतकी कमी की काम सर्व्हरवर दिलं की पुसावं लागायचं), आणि पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन एसटीने आमच्याकडे यायची, कारण पाड्यावर नेट म्हणजे आंब्याच्या झाडाखाली सिग्नलची एक काडी.

पेनड्राइव्हवरून पहिली चूक माझीच झाली, तीही सांगते. सुरुवातीला तिला अख्खं झाड पेनड्राइव्हवर मोकळं उतरवून दिलं. दुकानातून येतो तसा पेनड्राइव्ह, आणि त्याच्या रचनेत मालक, गट, परवानगी यांची नोंद ठेवायची सोयच नसते. शिवाय इंग्रजीतली मोठी लिपी आणि छोटी लिपी त्याला एकच वाटते. आमच्या झाडात अशा फाइलींच्या काही जोड्या आहेत की नाव तेच, फक्त एकीत अक्षरं मोठी. जोडीतली एक दुसरीवर बसली आणि गायब. कमलने चारोटीच्या नाक्यावरून, हायवेच्या हॉटेलात रेंज मिळते म्हणून तिथून फोन केला: “ताई, तुमचं झाड वाळलं.” तीन दिवस मी परवानग्या पुन्हा लावत बसले. खरं तर झाडाचं आधी गाठोडं बांधायचं असतं, एकाच फाइलीत सगळं आवळायचं, मग परवानग्या गाठोड्यात सुरक्षित राहतात. कमल म्हणाली, हे माहीत होतं तर बांधलं का नाही? मी म्हटलं, घाई होती. ती म्हणाली, “घाईत तर गाठोडंच बांधतात.”

त्यानंतर तिचं काम नेहमी गाठोड्यात आलं, नीट, सहाशे चव्वेचाळीस लावून. सहा वर्षांत इतकी स्वच्छ फांदी मी कोणाची पाहिली नाही. सर्व्हरवर तिचा फोल्डर तिच्या नावावर होता. आत फक्त ती लिहू शकायची. बाकीच्यांनी बघायचं.

आता एक प्रश्न तुम्ही विचाराल: चार महिन्यांचं काम, त्याची नोंद नव्हती का? झाडाची एक नोंदवही असते, तीत चढलेली कुठलीही गोष्ट नंतर पुसली तरी परत काढता येते. कमलचं काम त्या नोंदवहीत चढलेलं नव्हतं. कारण आमच्या संस्थेचा नियम असा की भाषेचं काम आधी समितीने मंजूर करायचं, मग चढवायचं. समितीत तीन विद्वान आहेत. तिघांपैकी एकालाही वारली येत नाही. ते मेपासून ‘विचारविनिमय’ करत होते. म्हणजे काम सर्व्हरवर होतं, चालत होतं, वापरून बघितलं जात होतं, पण कागदोपत्री नव्हतं. या तालुक्यात ही परिस्थिती कोणाला समजावून सांगायची गरज नाही. कसणारा कसतोय, आणि दप्तर म्हणतंय इथे कोणी नाही.

आता त्या आठवड्यावर येते.

त्या मंगळवारच्या आधीच्या गुरुवारी देणगीदार कंपनीचे पाहुणे आले. संस्थेचे कार्यवाह विलास सर यांना पाहुण्यांसमोर सिस्टीम बांधून दाखवायची होती, भिंतीवर प्रोजेक्टर लावून. बांधणीचं काम ‘बांधकाम’ नावाच्या वेगळ्या खात्यावरून चालतं, आणि त्या खात्याला कमलच्या आणि आणखी दोघांच्या फोल्डरात काही तयार करायचा हक्क नव्हता. नीट पद्धत अशी की बांधलेला माल वेगळ्याच फोल्डरात टाकायचा. ते मी त्या महिन्यात करणार होते. भिंतीवर हातभर अक्षरांत ‘परवानगी नाकारली’ उमटलं आणि सर माझ्या कानाशी आले.

“उघडून टाक ना सगळं.”

मी म्हटलं, सर, नीट करायला अर्धा तास द्या.

“पाहुणे चहा घेतायत. चहाला अर्धा तास लागतो का?”

मी उघडलं. आणि उघडताना मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते. मी म्हटलं, आपण काही अडाणी नाही सगळ्यालाच सातशे सत्याहत्तर लावायला. फाइली बंद ठेवू, फक्त फोल्डर उघडू. लिखाण सुरक्षित, बांधणी चालू. एका आदेशात अख्ख्या झाडाचे फोल्डर सातशे सत्याहत्तर झाले. बांधणी झाली, टाळ्या झाल्या. वास्तविक त्या आकड्याच्या आधी फक्त एक ‘एक’ लावायचा होता. एक हजार सातशे सत्याहत्तर लावलं की फोल्डरात कोणीही नवं काही ठेवू शकतो, पण पुसताना प्रत्येकाला स्वतःचंच पुसता येतं. एक आकडा. मला तो माहीत आहे. मी तो शिकवते.

संध्याकाळी बंद करू म्हटलं. पण पाहुण्यांना चिकूची वाडी बघायची होती, आणि मी नरपडची म्हणून मला त्यांच्याबरोबर धाडलं. परत येईपर्यंत ऑफिस बंद. शुक्रवारी दुसरं काही निघालं. दार उघडंच राहिलं.

शनिवारी कमल आणि सर यांचं वाजलं. नव्या सिस्टीमच्या श्रेययादीत तिचं नाव ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून टाकलं होतं. ती म्हणाली, मी अनुवादक आहे, तसं लिहा. सर म्हणाले, समितीने मंजुरी दिल्यावर बघू. ती म्हणाली, मग समितीलाच मदतनीस लिहा, मदतही त्यांनी केलेली नाही. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मला मनातून बरं वाटलं. मोठ्याने मी काही बोलले नाही. त्या आठवड्यात ती माझी पहिली वेळ.

मंगळवारी सकाळी कमल नवं गाठोडं घेऊन पहिल्या एसटीने आली, मशीन उघडलं, आणि तिचा फोल्डर नव्हता. आतल्या सगळ्या फाइली, मेपासूनच्या, नव्हत्या. तिनेच सरांना जाऊन सांगितलं. तिनेच. दोष लपवणारा माणूस असा करतो का, हा प्रश्न त्या खोलीत कोणाला पडला नाही. शनिवारचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि रागाच्या भरात पोरीने स्वतःच पुसलं हे सगळ्यांच्या मनात आधीच तयार होतं. फक्त तांत्रिक शिक्का हवा होता. तो माझ्याकडे होता.

सरांनी मला विचारलं, “भारती, त्या फाइलींवर लिहायची परवानगी कोणाला होती?”

मी म्हटलं, “कमलला.”

“आणखी कोणाला?”

“फाइलींवर? कोणालाच नाही.”

“मग संपलं,” सर म्हणाले.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघितलं, कारण कमल माझ्याकडे बघत होती.

मी खोटं बोलले नाही. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं. पत्रकं लिहिताना मी अधिकाऱ्यांच्या याच उत्तरांवर तुटून पडायचे: विचारलं तेवढंच खरं, आणि त्यामुळे सगळं खोटं. मला वाटतं, खुर्चीवर बसलं की ते आपोआप येतं. कुठे शिकावं लागत नाही.

दुपारी मला सांगण्यात आलं की कमलचं नाव गटातून काढ. यादी उघडून मी ते काढलं, आणि तिथेच फोल्डरांच्या रांगेत सात-सात-सात दिसलं. माझाच आकडा. मग ‘बांधकाम’ खात्याने कोणकोणते आदेश दिले त्याची यादी काढली. सोमवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळी, तिथे एक ओळ होती: नोंदवहीत नाही ते सगळं काढून टाक.

ते खातं जिग्नेशभाई वापरतात. बांधणी तेच बघतात. डहाणूतलेच, घरी गुजराती, ऑफिसात मराठी, आणि माणूस इतका टापटीप की चपलासुद्धा ओळीत. मी विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “तो तर माझा रोजचा झाडू आहे, बेन. घरी जाताना मारतो. बांधणीचा कचरा राहतो ना.”

मी विचारलं, कमलचा फोल्डर कधी झाडला गेला नाही तो?

“नाही. तिथे लाल ओळ यायची. मी म्हटलं येऊ दे.”

लाल ओळ म्हणजे ‘परवानगी नाकारली’. चार महिने त्यांचा झाडू रोज संध्याकाळी कमलच्या दाराशी येत होता, ती ओळ ऐकून परत जात होता. गुरुवारी पाहुण्यांच्या गडबडीत झाडू राहिला, शुक्रवार-शनिवार ते रजेवर होते, आणि सोमवारी दार उघडं होतं. ते मी उघडलं होतं. नोंदवहीत नाही ते कचरा, हा हिशेब झाडूला संस्थेनेच शिकवलेला. जिग्नेशभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिथेच कागद घेतला आणि काय झालं ते स्वतःच्या हाताने लिहून सही करून मला दिला. या सगळ्या प्रकरणात न सांगता सही करणारा हा एकच माणूस.

बुधवारी मी तो कागद आणि आदेशांची यादी घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, सर, मी उघडलं, झाडूने पुसलं, कमलचा संबंध नाही. त्यांनी दोन्ही वाचलं. समजलं त्यांना, मूर्ख नाहीत ते. मग म्हणाले, “अगं, पण पत्र गेलंय.”

पत्र मंगळवारीच गेलं होतं. ‘बेजबाबदार वर्तनामुळे’ कमलला कामातून मुक्त केल्याचं. एक प्रत देणगीदारांना, एक प्रत त्या आश्रमशाळेला जिथे दिवाळीच्या सुट्टीनंतर कमल कॉम्प्युटर शिकवायला लागणार होती. शाळेने तिला कळवलंय की आधी ते प्रकरण मिटवून या.

मी म्हटलं, मग दुसरं पत्र पाठवा.

“आपणच चुकलो असं लिहायचं? संस्थेची शोभा होईल. तू असं कर, गुपचूप तिचं नाव परत गटात घाल. मी काही बघितलं नाही.”

इथे मी थांबून वाचकांना सांगते की तांत्रिकदृष्ट्या हे काम एका ओळीचं आहे. माझ्याकडे किल्ली आहे. पण किल्ली आहे म्हणून गुपचूप उघडणं हे मी गुरुवारीच करून बसले होते. म्हटलं, आधी कमलला विचारते.

तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पायी. कमल पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं. गुरुवारचं, झाडूचं, खोलीतलं माझं उत्तर.  तिने उठून आतून एक टोपली आणली. वालाचं बियाणं होतं, पुढच्या पेरणीचं. टोपलीचं तोंड शेणाने लिंपून बंद केलेलं.

“हे आईने लिंपलंय. यातलं बी काढायचं तर लेप फोडावा लागेल, आणि फोडला तर दिसेल. पण रात्री पडवीचं दार उघडं टाकलं, तर लेपाला हात न लावता कोणी अख्खी टोपली घेऊन जाईल की नाही?”

मी म्हटलं, जाईल.

“मग सकाळी माझ्या आईला चोर म्हणशील? लेप तिचा होता म्हणून?”

सहा वर्षं मी जे आकड्यांत शिकवते ते तिने टोपलीत सांगितलं. मी सरांचा निरोप सांगितला, की आजच नाव घालते, कोणाला कळणार नाही, वह्या आहेतच, परत टाइप करून घेऊ. वह्यांमुळे शब्द वाचलेत, हे खरं. ती म्हणाली, “शब्दांचं नाही विचारत. ज्या खोलीत काढलं त्याच खोलीत घाला. तेवढ्याच माणसांसमोर. आमच्यात भांडण जिथे बसून झालं तिथेच बसून मिटवतात. मागच्या दाराने मी नाही येणार, ताई. मागच्या दाराने आलेल्याला कोणीही परत चोर म्हणतो.”

उठताना तिच्या आईने मला सोललेला वाल बांधून दिला. मला नको म्हणता आलं नाही, आणि घेताही येईना.

गणपतीनंतर यंत्रांची एक खेप तलासरीच्या शाळांना गेली, वारलीशिवाय. पहिलीतल्या पोराच्या पडद्यावर आता ‘परवानगी नाकारली’ असं येतं. पुढची खेप नाताळच्या आधी जाईल. कमल शाळेच्या उत्तराची वाट बघत नाहीये, ते मिळालंय. ती आमच्या उत्तराची वाट बघतेय. मी झाडाचे सगळे फोल्डर बंद केलेत, आकड्याआधीचा तो ‘एक’ जिथे लागतो तिथे लावलाय, बांधणीचा माल वेगळीकडे टाकलाय. आता कोणीच कोणाचं काही पुसू शकत नाही. मंगळवारचं ते पत्र सोडून सगळं दुरुस्त झालंय, आणि ते पत्र माझ्या परवानगीत येत नाही.

ते तुमच्या परवानगीत येतं. हा अंक ज्या घरांत जातो त्यातले बरेच जण आमच्या संस्थेचे सभासद आहेत. वर्गणी भरता, सभेला येत नाही, कार्यवृत्तावर न वाचता सही करता. राग मानू नका, वाचून सही केली असती तर विचारविनिमय करणारी ती समिती निवडली गेली नसती. तुळशीचं लग्न झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, मसोलीत त्याच वरच्या खोलीत सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर कमलचं नाव नाही. पाच सभासदांनी लेखी मागितलं तर कुठलाही विषय घ्यावा लागतो, असं नियमावलीतच आहे. एक सही जिग्नेशभाईंची झालीय, एक माझी. अजून तीन हव्यात.

त्या रविवारी या. सही करा. कमल येणार आहे, ती दाराशी बसणार नाही, तिला खुर्ची द्या. आणि मला उभं करून विचारा, त्या फाइली ज्या फोल्डरात होत्या, त्या फोल्डरवर लिहायची परवानगी कोणाकोणाला होती, आणि ती कोणी दिली. त्या मंगळवारी हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारता मी सांगितलं नाही. तुम्ही विचारा. मोठ्याने विचारा, म्हणजे उत्तर कार्यवृत्तात चढेल.